नुकसान कुणाच्या अंगावर?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका कंट्री क्लबमध्ये २०१८ साली एक वेटर रेड वाइन वाढत होता. वाइन सांडली, आणि सांडली ती नेमकी एका बाईंच्या गुलाबी हर्मेस बॅगवर. बॅगेची किंमत ३०,००० डॉलर सांगितली गेली. पुढच्या वर्षी बाईंनी क्लबवर दावा लावला. इथपर्यंतची बातमी गमतीची होती आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती तशीच छापली. मी थबकलो तो तिच्यातल्या पुढच्या ओळीवर. क्लबने न्यायालयात आपल्याच वेटरविरुद्ध मागणी दाखल केली होती : आम्हांला भरपाई द्यावी लागली, तर ती या माणसाकडून आम्हांला मिळावी.

माझे वडील गिरगावातल्या एका लाँड्रीत इस्त्रीवर होते. १९७९ साली त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचा बनारसी शालू पदराशी जळाला. मालकांनी गिऱ्हाइकाला ३०० रुपये देऊन प्रकरण मिटवले आणि ते ३०० रुपये वडिलांच्या पगारातून दरमहा १५ प्रमाणे २० महिने कापून घेतले. इस्त्रीचा रेग्युलेटर बिघडला आहे, हे वडिलांनी आधी दोनदा सांगितले होते. कपात ठरली तेव्हा त्याबद्दल त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. दुकानातली उरलीसुरली पावतीपुस्तके घरी येत. पावतीच्या पुढच्या रकान्यांत मी गणिते सोडवी आणि मागे बारीक इंग्रजीत छापलेल्या अटी अक्षर लावून वाचू पाही. कायद्याशी माझी पहिली ओळख ती. पुढे नोकरी सांभाळून फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून जुनी कायद्याची पुस्तके आणत गेलो, वाचत गेलो. मी वकील नाही. तेव्हा पुढचे विवेचन कुणी सल्ला म्हणून घेऊ नये. एका जिज्ञासू वाचकाने दुसऱ्यांना सांगितलेली हकिकत म्हणून घ्यावे.

ताबा कुणाकडे होता?

सेवा देणाऱ्या माणसाच्या हातून मौल्यवान वस्तू बिघडली की आपण लगेच विचारतो, ‘चूक कुणाची?’ कायदा त्याच्याही आधी एक प्रश्न विचारतो : त्या क्षणी वस्तू कुणाच्या ताब्यात होती?

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. मनुस्मृतीत वादाची अठरा कारणे, म्हणजे व्यवहारपदे, सांगितली आहेत. त्यांत कर्जाच्या पाठोपाठ दुसरेच पद निक्षेपाचे आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली आणि परत मिळायची असलेली वस्तू. इंग्रजी कायद्यात ज्याला बेलमेंट म्हणतात, त्यासाठी मी इथे हाच शब्द वापरतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १४८ मध्ये त्याची व्याख्या आहे : काही एका हेतूने वस्तू सोपवायची आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत करायची किंवा मालक सांगेल तशी तिची व्यवस्था लावायची. लाँड्रीतली साडी, घड्याळजीकडचे घड्याळ, क्लोकरूममधली बॅग हे सगळे निक्षेपच. त्यासाठी लेखी कागद लागत नाही आणि तोंडाने ‘सांभाळा’ म्हणावे लागतेच असेही नाही.

१८९४ सालचा ‘उल्टझेन विरुद्ध निकोल्स’ हा इंग्लंडमधला खटला याचा नमुना आहे. एक गृहस्थ उपाहारगृहात जेवायला गेले. वेटरने, त्यांनी न सांगताच, त्यांचा ओव्हरकोट घेतला आणि मागच्या खुंटीला अडकवला. जेवण उरकून उठतात तो कोट गायब. न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकाला जबाबदार धरले. कोट कुठे ठेवायचा हे वेटरने ठरवले होते. तो हातात घेतल्यापासून सांभाळण्याची जबाबदारी मालकावर आली. त्याच गृहस्थांनी कोट स्वतःच्या हाताने खुर्चीच्या पाठीवर टाकला असता, तर निक्षेप सिद्ध करणे अवघड झाले असते.

न्यू जर्सीतल्या बॅगेकडे या नजरेने पाहावे. बाईंनी ती कुणाकडे सोपवली नव्हती. ती त्यांच्याजवळच होती. भारतात असे घडले, तर तो निक्षेपाचा दावा होत नाही. तो निष्काळजीपणाचा होतो, किंवा ग्राहक कायद्याच्या भाषेत सेवेतील त्रुटीचा. हा फरक शब्दांपुरता नाही. निष्काळजीपणाच्या दाव्यात वेटर चुकला, हे बाईंना सिद्ध करावे लागते. शेजारच्या पाहुण्याचा धक्का लागून वाइन सांडली असेल, तर दावा तिथेच लंगडा पडतो. पण तीच बॅग क्लोकरूममध्ये दिली असती आणि डाग पडून परत आली असती, तर चित्र उलटे झाले असते. ‘धड दिली होती, बिघडून मिळाली’ एवढे मालकाने दाखवायचे. आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पटवण्याचे ओझे सांभाळणाऱ्यावर.

पुरेशी म्हणजे किती? कलम १५१ सांगते की सामान्य शहाणा माणूस तेवढ्याच आकाराच्या, तशाच दर्जाच्या आणि तितक्याच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी. यातला ‘किमतीच्या’ हा शब्द आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. सुती धोतर आणि जरीचा शालू एकाच तापमानाच्या इस्त्रीखाली घालणे हा कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणा नव्हे. एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर कलम १५२ प्रमाणे सांभाळणारा सुटतो. मात्र त्याने वेगळ्या कराराने जास्त जबाबदारी पत्करलेली नसावी.

नोकराची चूक, मालकाची जबाबदारी

कामाच्या ओघात नोकराकडून चूक झाली, तर भरपाईसाठी मालक जबाबदार, हे तत्त्व बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण नोकराने चूक केली नाही, सरळ चोरीच केली तर?

लंडनच्या एका बाईंनी आपला मिंक फरचा स्टोल साफ करण्यासाठी एका फरविक्रेत्याकडे दिला. तो स्वतः सफाईचे काम करत नव्हता. त्याने बाईंच्या संमतीने स्टोल ‘मार्टिन’ नावाच्या सफाई कंपनीकडे पाठवला. कंपनीने काम ज्या नोकराकडे दिले, त्यानेच तो लांबवला. खालच्या न्यायालयाने कंपनीला सोडले : चोरी हे काही नोकराचे काम नव्हे, मग मालक का भरणार? अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. ‘मॉरिस विरुद्ध सी. डब्ल्यू. मार्टिन अँड सन्स’ म्हणून कायद्याच्या पुस्तकांत गेलेला हा निकाल लॉर्ड डेनिंग, डिप्लॉक आणि सॅमन या तिघांनी १९६५ साली दिला. स्टोल सांभाळायचे आणि साफ करायचे काम कंपनीने त्याच नोकरावर सोपवले होते. ज्याच्या हाती विश्वासाची वस्तू दिली, त्यानेच विश्वास मोडला, तर मालकाला हात झटकता येत नाहीत. कंपनीच्या अटींत ‘ग्राहकांचा माल’ ग्राहकांच्या जोखमीवर असे छापले होते. तेही उपयोगी पडले नाही, कारण कंपनीचा ग्राहक फरविक्रेता होता आणि स्टोल बाईंचा होता.

या तत्त्वाला मर्यादाही आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी’ या प्रकरणात ती दाखवली. खात्यात भरण्यासाठी पैसे बँकेतल्या ओळखीच्या, शेजारी राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे परस्पर दिले गेले. त्याने ते हडपले. न्यायालय म्हणाले की तो त्या वेळी बँकेचा नोकर म्हणून नव्हे, खातेदाराचा स्नेही म्हणून वागत होता, म्हणून बँक जबाबदार नाही. काउंटर सोडून ‘आपल्या ओळखीच्या पोराकडे’ वस्तू देण्याची आपली सवय इथे अंगाशी येते.

पावतीची मागची बाजू

आता माझ्या बालपणीच्या त्या बारीक अक्षरांकडे. छापील अट जबाबदारी पुसून टाकते का?

या प्रश्नाची सुरुवातही एका बॅगेपासून झाली. पार्कर नावाच्या प्रवाशाने लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये दोन पेन्स भरून बॅग ठेवली. ती हरवली. बॅग २४ पौंड १० शिलिंगांची होती आणि तिकिटाच्या मागे लिहिले होते की १० पौंडांहून अधिक किमतीच्या वस्तूची जबाबदारी रेल्वे घेणार नाही. पार्करने ते वाचले नव्हते. १८७७ साली अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश देताना कसोटी घालून दिली : ग्राहकाने अट वाचली की नाही, एवढ्यावर निकाल लागत नाही; ती त्याच्या नजरेस येईल अशी वाजवी व्यवस्था कंपनीने केली होती का, ते पाहायचे.

मद्रास उच्च न्यायालय १९६६ साली प्रकाशित झालेल्या ‘लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी’ या निकालात याच्याही पुढे गेले. २२० रुपयांची नवी साडी लाँड्रीने हरवली. पावतीच्या मागे अट होती की वस्तू हरवल्यास तिच्या किमतीच्या १५ टक्केच मिळतील. म्हणजे ३३ रुपये. न्यायालयाने ही अट लोकहिताच्या विरुद्ध, म्हणून अमान्य ठरवली. कारण साधे आहे. ३३ रुपये देऊन २२० ची साडी पचवता येत असेल, तर लाँड्रीने ती सांभाळायचीच कशाला? अशी अट निष्काळजीपणालाच काय, अप्रामाणिकपणालाही बक्षीस देते. मला हा निकाल सापडला तेव्हा मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो होतो. आमच्या घरच्या पावतीपुस्तकांत तसलीच अट होती.

अलीकडचा मोठा निकाल २०१९ सालचा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आलेल्या एका पाहुण्याने गाडीची किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिली आणि पार्किंगचा बिल्ला घेतला. रात्री बाहेर येऊन पाहतो, तर दुसराच कुणी गाडी घेऊन गेलेला. बिल्ल्यावर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किल्ली घेतली तिथे निक्षेप झाला. पाहुण्याची वस्तू गेली, तर हॉटेलचा दोष प्रथमदर्शनी धरला जाईल आणि आपला निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलने सिद्ध करायचे. ते केल्याखेरीज छापील अटीचा आडोसा मिळणार नाही. कोणत्याही परिस्थितीत हॉटेलच जबाबदार, असा जुना कडक इंग्रजी नियम मात्र न्यायालयाने स्वीकारला नाही.

किंमत कशी ठरवायची?

जुन्या स्मृतिकारांना धोब्याचा प्रश्न चांगलाच परिचयाचा होता. गिऱ्हाइकाचे वस्त्र स्वतः नेसणाऱ्या धोब्याला याज्ञवल्क्य तीन पण दंड सांगतो. तेच वस्त्र विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले, तर दहा पण. नारदाने तर वापरलेल्या वस्त्राच्या किमतीचे कोष्टकच दिले आहे : एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या हिश्शाने घटते, दोनदा धुतल्यावर चौथ्या, तीनदा धुतल्यावर तिसऱ्या आणि चारदा धुतल्यावर निम्म्याने. आजच्या विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा हिशेब याहून फार निराळा नाही.

पण या कोष्टकामागे एक गृहीत आहे : वापरलेली वस्तू स्वस्त होते. हर्मेससारख्या बॅगा त्याला अपवाद ठरल्या. अभिनेत्री ग्रेस केली हिच्या नावाने ओळखली जाणारी ‘केली’ आणि जेन बर्किनसाठी १९८४ साली घडवलेली ‘बर्किन’ या बॅगा हव्या तेव्हा दुकानात जाऊन मिळत नाहीत. म्हणून वापरलेल्या बॅगेलाही कधी कधी नव्याहून जास्त दाम येतो. खुद्द जेन बर्किनने वापरलेली पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८५ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. तिच्यावर ओरखडे, डाग, वापराच्या खुणा सगळे होते.

न्यायालय भरपाई ठरवते ती बाजारभावावरून. दुरुस्ती होण्यासारखी असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि त्यानंतरही किमतीत राहिलेली घट. पार निकामी झाली असेल, तर अपघाताआधीची किंमत. आठवणींची किंमत सहसा मिळत नाही. बॅग अस्सल आहे, ती कोणत्या स्थितीत होती, हे मालकाने दाखवायचे. नक्कल निघाली, तर भरपाई नकलेच्या किमतीइतकीच. नुकसान आटोक्यात ठेवण्याचे उपाय हाताशी असून केले नाहीत, तर तेही भरपाई ठरवताना धरले जाते, असे करार कायद्याचे कलम ७३ सांगते. डाग ताजा असताना तज्ज्ञाकडे न नेता बॅग सहा महिने पुरावा म्हणून कपाटात ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

‘एवढी महाग असेल हे आम्हांला काय ठाऊक?’ हा बचाव मात्र निष्काळजीपणाच्या दाव्यात फारसा टिकत नाही. ‘आर्पाड’ या १९३४ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी उदाहरण दिले आहे : रस्त्यात एखाद्या गबाळ्या दिसणाऱ्या माणसाला धडक दिली आणि तो कोट्यधीश निघाला, तर भरपाई कोट्यधीशाच्या हिशेबानेच द्यावी लागते. करारात तसे नाही. तिथे नेहमीच्या ओघात होणारे आणि करार करताना दोघांनाही ठाऊक असलेले नुकसानच धरतात. क्लोकरूममध्ये दिलेल्या पर्सच्या आत हिऱ्यांच्या कुड्या आहेत, हे सांगितले नसेल, तर त्यांची किंमत मागणे कठीण.

शेवटी कुणाच्या खिशातून?

गिऱ्हाइकाला भरपाई मिळाली की बातमी संपते. माझ्या वडिलांची गोष्ट तिथून सुरू होते.

इंग्रजी कायद्यात मालकाला ही रक्कम नोकराकडून वसूल करण्याचा हक्क आहे. ‘लिस्टर विरुद्ध रॉमफर्ड आइस’ या १९५७ च्या खटल्यात लॉरी मागे घेताना चालकाची धडक त्याच्याच वडिलांना बसली; तेही त्याच लॉरीवर कामाला होते. विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने मुलावर दावा लावून ती वसूल केली. हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी हे योग्य ठरवले. निकालावर इतकी टीका झाली की पुढे विमा कंपन्यांनीच आपसांत ठरवले : संगनमत किंवा जाणूनबुजून केलेले गैरकृत्य नसेल, तर नोकरामागे लागायचे नाही. कायदा बदलला नाही. तो वापरणाऱ्यांना तो वापरवेना.

भारतात पगारकपातीला वेगळी वेसण आहे. वेतन प्रदान कायदा, १९३६ कपातीची कारणे मोजून देत असे. त्यांत मालाच्या नुकसानीचे कारण होते, पण अटींसह. तो माल त्या कामगाराकडे सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवलेला हवा. नुकसान थेट त्याच्या दुर्लक्षामुळे किंवा कसुरीमुळे झालेले हवे. कपात नुकसानीच्या रकमेहून जास्त नको. आणि कलम १० प्रमाणे, कपात करण्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागे. मूळ कायदा कारखाने आणि रेल्वे यांच्यासाठी होता. २०१९ च्या वेतन संहितेत हीच तत्त्वे सर्व आस्थापनांसाठी घेतली आहेत आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त नको, असेही म्हटले आहे.

या अटी वाइनच्या डागाला लावून पाहा. ग्राहकाच्या खुर्चीजवळची बॅग वेटरकडे सांभाळायला दिलेली नव्हती. तेव्हा या कारणाखाली त्याच्या पगाराला हात लावता येणार नाही. जळालेल्या शालूला लावून पाहा. शालू वडिलांच्या हाती होता, हे खरे. पण नुकसान थेट त्यांच्या कसुरीमुळे झाले की बिघडलेल्या रेग्युलेटरमुळे, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता आले नसते. बाजू मांडण्याची संधी म्हणजे एवढेच. एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर ऐकण्यापुरता वेळ.

वाचकांपैकी अनेकांवर गिऱ्हाईक म्हणून असा प्रसंग येऊ शकतो, म्हणून थोडे व्यवहाराचे. मौल्यवान वस्तू सोपवताना तिची किंमत सांगावी आणि पावतीवर लिहून घ्यावी. आधी छायाचित्र काढावे. नुकसान दिसताच तिथल्या तिथे लेखी कळवावे. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथला अधिकार बॅगेच्या किमतीवर ठरत नाही. सेवेसाठी आपण मोजलेल्या मोबदल्यावर ठरतो, आणि तो ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच होते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार आस्थापनेविरुद्ध करावी. समोर उभ्या असलेल्या पोराच्या पगाराकडे बोट दाखवून मिळत काही नाही.

१९९८ साली मी कलम १० वडिलांना वाचून दाखवले आणि मराठीत समजावून सांगितले. मला वाटले होते, त्यांना बरे वाटेल. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “अरे, पण मालकांनी तरी तीनशे कुठून आणायचे? त्यांचं दुकान केवढं होतं, तू पाहिलंयस ना?” मी विम्याचे सांगू लागलो. दुकानदाराने विमा उतरवायचा, त्याचा हप्ता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दरात पैशा-पैशाने धरायचा, म्हणजे एका शालूचे ओझे एकाच माणसावर येत नाही. ते त्यांना पटले, पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “रेग्युलेटरचं मात्र विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं.”